आकडा नको, आवाज ऐका!

होम थिएटर घ्यायचंय, पण खिसा हलका आहे? मग खोक्यावर काय छापलंय ते जरा बाजूला ठेवा. स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवा आणि दुकानदाराला बिनधास्त म्हणा, ‘आधी वाजवून दाखवा!’

थर्ड इयरला असताना आम्ही चौघींनी कॉन्ट्री काढली होती. प्रत्येकी दोन हजार, एकूण आठ हजार रुपये. ते जमवायला आम्हाला तीन महिने लागले. एकीने संध्याकाळचा डबा बंद करून पोहे आणि मॅगीवर दिवस काढले. एकीने सातवीतल्या दोन मुलांच्या शिकवण्या घेतल्या. माझी भाऊबीजेची ओवाळणी अख्खीच्या अख्खी त्यात गेली. पुण्यातली भाड्याची खोली, एकीच्या घरून आणलेला जुना ३२ इंची टीव्ही आणि चौघींच्या डोक्यात एकच किडा: होम थिएटर पाहिजे म्हणजे पाहिजे!

दुकानात शिरलो. काकांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, ‘बजेट किती?’ आम्ही खालच्या आवाजात सांगितलं. त्यांनी वरच्या फळीवरून एक भलंमोठं खोकं काढलं. ‘मॅडम, हे घेऊन जा. फाइव्ह पॉइंट वन. बारा हजार वॅट. शिवाय लायटिंग आहे, तुम्हाला आवडेल.’ खोक्यावर आगीच्या ज्वाळा, मधोमध १२,००० हा आकडा, पाच चकचकीत काळे स्पीकर आणि एक सबवूफर. ‘वाजवून दाखवता का?’ आम्ही चाचरत विचारलं. ‘सील फोडलं की घ्यावंच लागेल,’ काका म्हणाले. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि गुपचूप पैसे मोजले.

त्याच रात्री सिनेमा लावला. स्फोट झाला की खिडकीची काच थरथरायची, पण हिरो बोलायला लागला की एक शब्द कळेल तर शपथ! रिमोट हातात धरूनच बसायचं. बोलणं आलं की आवाज वाढव, मारामारी आली की कमी कर. मागच्या दोन स्पीकरची वायर पुरेना म्हणून ते कपाटावर गेले. आठव्या दिवशी घरमालकीण काकू वर आल्या. दोन महिन्यांत एक स्पीकर गप्प झाला आणि त्याच्यामागोमाग आमचा उत्साहही. दिवे मात्र शेवटपर्यंत छान लुकलुकत होते.

आता तुमच्यापैकी कुणीतरी असेच पैसे जमवत असेल, म्हणून हे लिहितेय. माझं म्हणणं साधं आहे. बजेट कमी असेल तर पाच स्पीकर घेऊ नका, दोन घ्या. आणि ते आकड्यावरून नाही, कानांनी निवडा.

स्पीकर हवाच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाच्या कानात इअरबड्स आहेतच की. पण एकाच खोलीत चार जणी चार मोबाइलवर चार वेगळ्या गोष्टी बघत बसल्यात, एक हसते तेव्हा बाकीच्या तिघींना कारण माहीत नाही, हे चित्र तुम्हीही पाहिलं असेल. स्पीकर लावला की सगळ्या एकाच वेळी हसतात, एकाच विकेटला ओरडतात. खोलीतल्या चौघींची ‘आपली’ म्हणावी अशी एक गोष्ट होते. त्यामुळे ही चैन आहे असं मला वाटत नाही. पण म्हणूनच ती फसवी निघाली की जास्त लागतं. पैसे तर जातातच, वर चौघींनी मिळून बघितलेला एक बेत फसतो.

बारा हजार वॅट म्हणजे सहा गीझर!

आता त्या आकड्याकडे येऊ. घरातला मोठा गीझर साधारण २,००० वॅटचा असतो. म्हणजे आमचं खोकं सहा गीझरच्या बरोबरीचं झालं! छताचा नेहमीचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. त्या हिशेबाने एका होम थिएटरमध्ये १६० पंखे. आणि हे सगळं कुठे लावायचं? तर खोलीतल्या छोट्या प्लग पॉइंटला, जो ६ अँपियरचा असतो. २३० व्होल्टने गुणलं तर त्यातून जेमतेम १,३८० वॅट मिळतात. मग बारा हजार येतात कुठून?

ते येतात पीएमपीओ नावाच्या जादूतून. एका क्षणापुरता जास्तीत जास्त किती झटका बसू शकेल, याचा तो कागदी अंदाज असतो. तो मोजायची सगळ्यांनी पाळावी अशी एक पद्धत नाही, त्यामुळे ज्याला जो आकडा छापायचा तो छापतो. तुम्हाला बघायचे ते ‘आरएमएस’ वॅट. स्पीकर सतत किती ताकदीने वाजू शकतो, हे त्यावरून कळतं. त्याहून सोपी युक्ती म्हणजे यंत्राच्या पाठीमागचा स्टिकर वाचा. तिथे ते विजेचे किती वॅट घेतं हे लिहिलेलं असतं. आमच्या यंत्राच्या मागे ६० लिहिलं होतं. भिंतीतून ६० घेणारं यंत्र बाहेर सतत १२,००० देईल, असं फिजिक्सच्या कुठल्याच पेपरात लिहून मार्क मिळणार नाहीत.

आणि गंमत म्हणजे एवढे वॅट लागतही नाहीत. १० बाय १२ च्या खोलीत आपण सिनेमा बघतो तेव्हा स्पीकर बहुतेक वेळ एखाद-दोन वॅटवरच वाजत असतो. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, जेमतेम जाणवेल इतका. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे २० वॅटवाला सोडून ४० वॅटवाला घेण्यासाठी दीड हजार जास्त मोजणार असाल, तर थांबा. त्या दीड हजारात अधिक चांगला २० वॅटवाला मिळतो का ते बघा.

पाचांपेक्षा दोन बरे

आठ हजारांचा हिशेब मांडून बघा. त्यात पाच स्पीकर, सबवूफर, अॅम्प्लिफायर, रिमोट, वायरी, दिवे, ज्वाळा छापलेलं खोकं आणि दुकानदाराचा नफा. एकेका स्पीकरच्या वाट्याला किती उरले? काहीशे रुपये. तेवढ्यात काय येणार? प्लॅस्टिकचा पोकळ डबा आणि आत एक छोटासा कोन. तेच पैसे दोन स्पीकरवर लावले तर लाकडी कॅबिनेट, बोलण्या-गाण्यासाठी नीट वूफर आणि वरच्या सुरांसाठी वेगळा ट्वीटर मिळू शकतो.

‘पण थिएटरचा फील पाचातच येतो ना?’ येतो, पाचही चांगले असतील तर. त्याआधी आपण ऐकतो काय ते बघा. गाणी बहुतेक सगळी स्टिरिओत, म्हणजे दोन बाजूंसाठी बनवलेली. यूट्यूबवरचं बहुतेक सगळं स्टिरिओत. आजोबांची आवडती जुनी गाणी तर मोनो, एकाच बाजूची. ५.१ आवाज असतो तो सिनेमात आणि काही वेबसीरिजमध्ये. तोही टीव्हीतून योग्य केबलने, ५.१ याच स्वरूपात बाहेर पडला तरच. आमच्यासारखी साधी ऑक्स केबल लावली किंवा ब्लूटूथने जोडलं, की मुळात दोनच बाजूंचा आवाज जातो. यंत्र तोच पाच जणांत वाटतं. पाच स्पीकर, पण सगळे एकच पाठ केलेलं बोलतायत!

दोन चांगले स्पीकर मात्र एक सुंदर फसवणूक करतात. दोन्हींतून सारखा आवाज एकाच वेळी तुमच्या कानांवर आला, की मेंदूला वाटतं तो मधूनच आला. हिरॉईन पडद्याच्या मधोमध उभी असेल तर तिचा आवाजही तिथूनच येतोय असं वाटतं, आणि तिथे स्पीकरच नसतो. ही जादू फुकट आहे.

साउंडबारचं काय? जागा कमी असेल आणि वायरींचा वैताग असेल तर वाईट नाही. पण सगळं एकाच पट्टीत असल्यामुळे डाव्या-उजव्यातलं अंतर फार मिळत नाही. ज्यांना पोटात धडधड झाल्याशिवाय सिनेमा बघितल्यासारखं वाटत नाही, त्यांनी दोन स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे २.१ बघावा. फक्त निवडताना बेस ऐकायच्या आधी माणसाचं बोलणं ऐका. बेस दणदणीत करणं सोपं असतं, बोलणं स्वच्छ ऐकवणं अवघड.

दिसायलाही छान हवं, का नाही?

अर्थात हवं. रोज डोळ्यांसमोर राहणारी वस्तू आहे. ‘बजेटमध्ये आहे ना, मग दिसण्याचं काय घेऊन बसलीस’ असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. आठ हजारांतले पाचशे दिव्यांवर गेले असतील, तर ते आवाजातून कापलेले असतात.

चकचकीत काळा पियानो फिनिश दुकानात भारी दिसतो. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावर धूळ आणि चौघींच्या बोटांचे ठसे. त्यापेक्षा साधा मॅट काळा, पांढरा किंवा लाकडी रंग आणि पुढे कापडी जाळी, हे वर्षानुवर्षं चांगलं दिसतं. स्पीकर उचलून बघा, वजन लागलं पाहिजे. बोटाने बाजूला टकटक करा. ‘टक्’ असा बंद आवाज आला तर कॅबिनेट घट्ट आहे, ‘ढब ढब’ आला तर डबा आहे आणि तो गाण्यातही घुमणार. लाकडी म्हणून मिळतात त्यातले बहुतेक एमडीएफचे असतात. ते चांगलंच, पण पाण्याने फुगतं. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून आणि मनी प्लांटच्या कुंडीपासून लांब ठेवा. आणि खरं सांगू? वायरी टेबलाच्या मागून नीट बांधून घेतल्या तर कुठलाही स्पीकर दुप्पट देखणा दिसतो. त्याला दहा रुपयांचे पट्टे पुरतात.

खोली म्हणजे अर्धा स्पीकर

आपल्या घरांमधली नेहमीची जागा म्हणजे शोकेस. बाहुल्या, ट्रॉफ्या, लग्नातल्या भेटवस्तू आणि त्यांच्यामध्ये काचेआड कोंबलेले स्पीकर. आवाज त्या कप्प्यातच घुमतो आणि वर काच थरथरते. आईशी थोडी वाटाघाट करा आणि त्यांना बाहेर काढा.

दोन्ही स्पीकर आणि तुमची बसायची जागा यांचा साधारण समभुज त्रिकोण करा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणा. स्टँडला पैसे नसतील तर जाडजूड रेफरन्स बुक्स आहेतच, त्यांचाही काही उपयोग होऊ द्या! सबवूफर कोपऱ्यात ढकलला की बेस वाढतो, पण गढूळही होतो. त्याची योग्य जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे. सबवूफर तुम्ही बसता तिथे ठेवा, बेसवालं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा. मैत्रिणी हसतील, हसू द्या.

मोकळ्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेली खोली आवाज परत फेकते. जाड पडदा, पुस्तकांचं कपाट, गादी, जमिनीवर अंथरलेली आजीची गोधडी, हे सगळं तो आवाज शोषून घेतं. आणि सिनेमातलं बोलणं ऐकू येत नसेल तर टीव्हीच्या किंवा ओटीटी अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज ‘५.१’ वरून ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ वर आणा. बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात असं होत असेल, तर सरळ वायर लावा.

एक गोष्ट शेजाऱ्यांसाठीही. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्रीची धरलेली आहे, आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बेस भिंतीतून जातो, बोलणं तितकं जात नाही. रात्री सबवूफर बंद करा, निम्म्या तक्रारी मिटतात.

जुनं घ्यायला लाजू नका

स्पीकर ही मोबाइलसारखी दोन वर्षांत शिळी होणारी वस्तू नाही. नीट वापरलेला स्पीकर पंधरा-वीस वर्षं सहज वाजतो. हॉस्टेल सोडून जाणारे सीनियर्स, बदली झालेले शेजारी, पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास, सगळीकडे डोळे उघडे ठेवा. घेण्याआधी पुढची जाळी काढून कोनची कड बघा. फोमची कड काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते, रबराची जास्त टिकते. आवाजाचं बटण हळू फिरवा, खरखर येते का ऐका. डावा आणि उजवा वेगवेगळा वाजवा. अॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागणार का, हेही आधीच विचारा, नाहीतर बजेट तिथेच बोंबलतं.

शेवटच्या वर्षी आम्ही तेच केलं. लुकलुकणारं ते खोकं भंगारात दिलं आणि पास होऊन निघालेल्या एका सीनियरकडून पाच हजारांत दोन जुने स्पीकर घेतले. ना दिवे, ना ज्वाळा. त्या रात्री पहिल्यांदा रिमोट बाजूला ठेवून आम्ही अख्खा सिनेमा बघितला.

कान गरीब नसतात

१९५६ मधली गोष्ट आहे. अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या अमर बोस या तरुणाने एक भारी स्टिरिओ विकत घेतला. वडील बंगालमधून तिकडे गेलेले, मुलगा लहानपणी व्हायोलिन शिकलेला. स्टिरिओची कागदावरची सगळी आकडेवारी उत्तम होती. घरी आणून लावला आणि निराशा झाली, कारण प्रत्यक्ष मैफलीत ऐकू येतं तसं त्यातून काही ऐकू येईना. आकडे चांगले, मग आवाज असा का, या प्रश्नाच्या मागे ते लागले आणि १९६४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. तिची महागडी उत्पादनं घ्या असं मी म्हणत नाहीये, आपल्याला परवडणारही नाहीत. मला त्यातली एवढीच गोष्ट घ्यायचीय: एमआयटीतला माणूससुद्धा आकड्यांना फसला, आणि त्याला सावध केलं ते त्याच्या कानांनी.

आमच्याकडे कान होतेच. नव्हती ती हिंमत. खिशात पैसे कमी असले की आपण दुकानात आपोआप हळू बोलतो. ‘दाखवा’ म्हणायची लाज वाटते, ‘दुसरा दाखवा’ म्हणायची त्याहून जास्त. चाळीस हजारांचं सामान घेणाऱ्याला दुकानदार खुर्ची देतो आणि अर्धा तास वाजवून दाखवतो. आठ हजारवाल्याला खोकं मिळतं. पण जरा उलटा विचार करा. चाळीस हजारवाल्याचे पाच-सात हजार वाया गेले तर त्याचं फार बिघडत नाही. आपले आठ हजार म्हणजे तीन महिन्यांचे डबे आणि शिकवण्या. वाजवून बघायचा हक्क खरं तर आपला जास्त आहे. एक दुकानदार नाही म्हणाला तर शेजारी दुसरं दुकान असतं. तिथे जा, खणखणीत आवाजात बजेट सांगा आणि तुमचं गाणं लावायला लावा.

दुकानात जाताना…

• तुम्हाला तोंडपाठ असलेली तीन गाणी आणि सिनेमातला बोलण्याचा एक सीन मोबाइलमध्ये डाउनलोड करून न्या.
• आधी हळू आवाजात ऐका. हळू आवाजातही शब्द स्पष्ट हवेत. मग वाढवा, आवाज फाटतो का बघा.
• दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. मोठ्याने वाजणारा नेहमी चांगला वाटतो, आणि हे दुकानदाराला माहीत असतं.
• पीएमपीओ विसरा, आरएमएस विचारा, पाठीमागचा स्टिकर वाचा.
• तुमच्या टीव्हीला मागे कुठली भोकं आहेत त्याचा फोटो काढून न्या, म्हणजे योग्य केबल घेता येईल.
• पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. ‘बिलाशिवाय तीनशे कमी’ हा सौदा पुढे महागात पडतो.
• वाजवून दाखवत नसतील तर ‘थँक्यू काका’ म्हणा आणि बाहेर पडा.